‘आता तूच घरातला कर्ता!’

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या आहाराविषयी मागे या सदरात लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली त्यांत एक पत्र पेण तालुक्यातल्या जोहे गावाहून आले होते. वहीचा कागद, जेमतेम आठ-दहा ओळींचा मजकूर. बाईंचे पती दोन वर्षांपूर्वी मुंबई-गोवा महामार्गावर अपघातात गेले. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी अकरा वर्षांची. बाई गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातात. मुलगा शाळेत जायचे टाळतो, पोट दुखते म्हणतो. सोनोग्राफीपर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. शेवटची ओळ अशी होती : ‘बिनबापाचा पोर बिघडतोच असे सगळे म्हणतात, ते खरे आहे का?’

ते खरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण एवढ्यावर पत्राचे उत्तर होत नाही, आणि हा प्रश्न एकट्या त्या बाईंचा नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात दरडी कोसळल्या, २०२१ च्या जुलैत तळिये गेले, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी गेली. मधल्या काळात करोना येऊन गेला. आपल्या जिल्ह्यात एका रात्रीत पोरकी झालेली मुले किती आहेत हे तुम्ही-आम्ही जाणतोच. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्यानंतर वर्षानुवर्षे खड्डे, अर्धवट पूल आणि वळणरस्ते यांतून लोकांनी ये-जा केली. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात असे गाव सापडणे कठीण, जिथल्या एखाद्या घरातला कमावता माणूस त्या रस्त्याने नेलेला नाही.

बाप नसणे हे नेहमी मरणामुळेच असते असेही नाही. आपल्या कोकणात चाकरमान्यांच्या घरी बाप म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला दिसणारा पाहुणा, अशा कित्येक पिढ्या वाढल्या. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे आखातात गेलेल्या बापांची मुले आहेत. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर आईबाप दोघेही गेल्याने आजीजवळ राहिलेली कातकरी मुले आहेत. आणि एक प्रकार असा, की बाप घरातच आहे, पण संध्याकाळी सातनंतर तो शुद्धीवर नसतो. हे सगळे प्रकार एकाच मापाने मोजता येत नाहीत. इंग्लंडमधले बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७० च्या सुमारास यावर पुष्कळ काम केले. आईवडिलांपैकी एकाच्या मृत्यूमुळे जी मुले एकटी पडली, त्यांच्यापेक्षा घरातल्या सततच्या भांडणांतून, मारहाणीतून ज्यांची घरे मोडली त्या मुलांत वर्तनाचे बिघाड अधिक आढळतात, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे मुलाला इजा होते ती घरातले एक माणूस कमी झाले एवढ्यानेच नव्हे. त्याच्या आधी आणि नंतर घरात काय चालते, त्यावर बरेच अवलंबून असते. दारुड्या नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या बाईला ‘मुलांसाठी तरी परत जा’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावे.

आता पोटदुखीकडे वळू. ‘डॉक्टर, याचे पोटान दुखतंय’ असे म्हणत आई मुलाला पुढे करते. मी पोट तपासतो, मऊ लागते. ताप नाही, उलटी नाही, वजन उतरलेले नाही. दुखणे सकाळी शाळेच्या वेळेला, रविवारी नाही. मग सोबत आलेला काका म्हणतो, ‘नाटकं करतो.’ वाचकहो, हे नाटक नसते. आपल्या आतड्यांभोवती मज्जातंतूंचे स्वतःचे असे जाळे आहे आणि त्याचा मेंदूशी अहोरात्र संबंध असतो. परीक्षेच्या दिवशी कोणाला संडास लागते, वाईट बातमी ऐकली की घास उतरत नाही, हे त्याचमुळे. मोठ्या माणसाचे दुःख तोंडावाटे बाहेर पडते. मुलाकडे त्यासाठी शब्द नसतात, म्हणून ते पोटातून, डोक्यातून, कधी अंथरुणात होणाऱ्या लघवीतून बाहेर पडते. वेदना खरी असते, तिचे कारण मात्र सोनोग्राफीत दिसत नाही. वजन घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, रात्री दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल किंवा ताप येत असेल तर तपासण्या जरूर कराव्या. यातले काही नसेल तर चौथ्या डॉक्टरकडे जाऊन पाचवे टॉनिक आणण्यात पैसा घालवू नये.

अशा मुलाला बाजूला बसवून सावकाश विचारले, तर पुष्कळदा एक वाक्य हाती लागते. दहाव्याला किंवा बाराव्याला कोणीतरी जाणत्या माणसाने त्याच्या गोटा केलेल्या डोक्यावर हात ठेवून म्हटलेले असते, ‘रडायचं नाही. आता तूच घरातला कर्ता.’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पोराला धीर यावा एवढाच. पण तेरा वर्षांच्या मुलाने हे वाक्य शब्दशः घेतलेले असते. रात्री दाराची कडी लागली की नाही हे तो दोनदा उठून बघतो. आई कामावरून यायला उशीर झाला की त्याच्या छातीत धडधडते, कारण एकदा एक माणूस गेला तो परत आलाच नव्हता. सहलीचे पैसे मागत नाही. शाळेत बसून त्याचे लक्ष घरी असते, आणि पोट दुखले म्हणजे घरी राहता येते. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या गावांत वर्षभर गणपती घडतात, तेव्हा ही कथा तिथल्या मंडळींना मी सांगायला नको : शंकर घरी नसताना पार्वतीने मळापासून घडवलेला मुलगा, दारावर पहाऱ्याला बसवलेला. त्या पोराची गत शेवटी काय झाली हेही त्यांना ठाऊक आहे. पहारा हे लहान मुलाचे काम नव्हे.

तेव्हा माझी पहिली विनंती मुलाला नाही, आईलाही नाही, तर दहाव्याला जमणाऱ्या पुरुषमंडळींना आहे. ते वाक्य म्हणू नका. म्हणायचेच असेल तर ‘आम्ही आहोत, तू शाळा सोडू नकोस’ असे म्हणा, आणि महिन्याभराने खरोखर एकदा जाऊन या. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि चौथ्या महिन्यात त्या घराकडे कोणी फिरकत नाही, हा अनुभव बहुतेक विधवा बायका सांगतात.

थोरल्या मुलाचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे आपल्याच कोकणातले, १८६६ साली कोतळूकला जन्मले. १८७९ मध्ये वडील गेले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा ते धाकट्या भावाला शिकण्यासाठी पाठवत. उरलेल्या सात रुपयांत घर चालले. १८८४ साली गोपाळराव पदवीधर झाले, पुढचे सर्वांना माहीत आहे. मला मात्र हा प्रसंग वाचताना नेहमी गोविंदराव आठवतात. एका घरात एक गोपाळराव निघावा म्हणून एका गोविंदरावाने पुस्तक मिटायचे, ही वाटणी आपण फार सहज मान्य करतो. आणि थोरली मुलगी असेल तर तिच्या पुस्तकाचा विचारही होत नाही. आई कामाला गेली की धाकट्याची आंघोळ, चूल, पाणी तिच्याकडे येते. ती शेवटी जेवते, त्यामुळे तिच्या रक्तातले लोह कमी होते. ती थकलेली दिसली तरी ‘शहाणी झाली हो पोर’ असे कौतुक होते. सोळाव्या-सतराव्या वर्षी ‘बाप नाही, जबाबदारी मोकळी करू’ म्हणून स्थळे बघायला सुरुवात होते. मुलगा बिघडला तर तो रस्त्यावर दिसतो. मुलीचे नुकसान घरात होते, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करणे हा गुन्हा आहे, आणि कच्च्या वयातले, अंगात रक्त नसलेल्या मुलीचे बाळंतपण काय असते ते आम्ही डॉक्टर बघत असतो.

लहान मुलांना खरे सांगावे की नाही, हे मला नेहमी विचारले जाते. माझे मत स्पष्ट आहे. खरे सांगावे, त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे. पाच वर्षांखालच्या मुलाला मरण म्हणजे कायमचे जाणे हे उमगत नाही. ते आज रडेल, अर्ध्या तासाने खेळेल आणि संध्याकाळी ‘बाबा कधी येणार?’ म्हणून विचारील. त्याला ‘बाबा मुंबईला गेलेत’ असे सांगितले, तर ते गाडीची वाट बघत बसते आणि ‘बाबा मला न सांगता गेले’ असा राग धरते. ‘झोपी गेले’ असे सांगितलेली मुले झोपायला घाबरतात. सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या मनात आणखी एक भलतीच गोष्ट येते : आपण काहीतरी केले म्हणून हे झाले. ‘मी त्या दिवशी बाबांशी भांडलो होतो’ हे वाक्य मी बऱ्याच मुलांच्या तोंडून ऐकले आहे. ‘तुझ्यामुळे काही झालेले नाही’ हे न विचारता सांगावे, आणि एकदा सांगून थांबू नये. बारा-तेराच्या पुढचे मूल सगळे समजते, म्हणून ते बोलतच नाही. आपण रडलो तर आई रडेल, या भीतीने ते कोरडे राहते. त्याच्या कोरडेपणाला ‘पोरगा खंबीर आहे’ असे म्हणण्याची घाई करू नका.

एक लहानशी वाटणारी गोष्ट सांगतो. आपल्या मराठी नावाच्या मध्ये बापाचे नाव असते. वहीवर, हजेरीत, दहावीच्या अर्जावर मूल दररोज ते नाव लिहिते. बाप वारला असेल तर ते नाव लिहिण्यात एक आधार असतो, काही मुले ते मुद्दाम सुवाच्य लिहितात. पण बाप टाकून गेलेला असेल तर? एका मुलीने मला दाखवलेल्या वहीवर मधले नाव इतके बारीक होते की वाचता येईना. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि नंतर आडनाव, असा क्रम राज्य शासनाने सरकारी कागदपत्रांसाठी ठरवला आहे. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. तोवर गुरुजनांनी भर वर्गात ‘वडील काय करतात?’ असा प्रश्न विचारण्यापूर्वी जरा हजेरीपट बघून घ्यावा, एवढे तरी व्हावे.

आता आईकडे येतो, आणि इथेच सगळ्यात जास्त सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या सत्तर कुटुंबांतील सहा ते सतरा वर्षांच्या सव्वाशे मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. बहुसंख्य मुले सावरली. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या मुलांना मात्र दोन वर्षांनंतरही लक्षणीय त्रास होता. मूल सावरेल की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टींत सर्वांत वजनदार गोष्ट निघाली ती ही, की मागे राहिलेला पालक स्वतः कसा आहे. तो जेवतो का, झोपतो का, घराचे रोजचे वेळापत्रक सांभाळू शकतो का, मुलाशी बोलतो का. बोस्टन कुठे आणि जोहे कुठे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे तर हे अधिकच लागू पडते, कारण आपण नेमके उलटे करतो. नवरा गेला की त्या बाईचे कुंकू पुसतो, बांगड्या फोडतो, मंगळसूत्र तोडतो, आणि हे सारे तिच्या मुलांच्या डोळ्यांसमोर. नंतर हळदीकुंकवाला बोलावत नाही, मुलाच्या मुंजीत, मुलीच्या लग्नात तिला मागे उभी करतो. वडील गेल्याचे दुःख एका दिवसाचे, पण आईचा हा अपमान मूल वर्षानुवर्षे बघते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. ठराव कागदावर राहू शकतो, हे खरे. तरी मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने मी त्याला लसीकरणाइतके महत्त्व देतो.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना म्हणूनच माझा पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे. तुम्हाला झोप येते का? जेवण जाते का? दोन वर्षांनंतरही सकाळी उठावेसे वाटत नसेल, सारखे रडू येत असेल, तर तो तुमचा दुबळेपणा नव्हे, तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. मुलाला घेऊन याल तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा. घरी संध्याकाळचे जेवण तिघांनी एकत्र घ्या, टीव्ही आणि मोबाइल बंद करून. बापाचा विषय टाळू नका. त्यांना कोणती भाजी आवडायची, ते कसे चिडायचे, हेही बोलावे. गेलेल्या माणसाला देव करून भिंतीवर टांगले की मुलाला त्याच्यावर रागावताही येत नाही.

दुसरे म्हणजे, मुलाला घराबाहेर एक भरवशाचे मोठे माणूस हवे. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार आणि समाधानी निघाली. त्यांच्यात समान धागा असा होता, की प्रत्येकाला निदान एक तरी माणूस असे लाभले होते, ज्याने त्याला टिकून जीव लावला. आजी, मामा, शिक्षक, शेजारी, कोणीही. तो पुरुषच हवा असे नाही. आपल्याकडे डॉ. राजेंद्र भारूड यांचे उदाहरण आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आदिवासी कुटुंबात जन्म, वडील जन्मापूर्वीच गेलेले, आईने दारू विकून घर चालवले. नवोदय विद्यालयातून ते मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. मी त्यांचे नाव मुलांना ‘तूही कलेक्टर हो’ म्हणून सांगत नाही, त्या ओझ्याची भर कशाला? आई आणि एक चांगली शाळा एवढ्यावर काय होऊ शकते, यासाठी सांगतो. जोह्यासारख्या गावात तर असे मोठे माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा एखादा जुना कारागीर पोराला शेजारी बसवून ब्रश कसा धरायचा हे दाखवतो, चुकले तर पुसून पुन्हा काढायला लावतो. त्या तासाभरात पोराला जे मिळते, ते मी गोळीतून देऊ शकत नाही.

काही लक्षणे मात्र घरी बघत बसण्याची नव्हेत. सहा महिन्यांनंतरही मूल मित्रांत मिसळत नसेल, वजन उतरत असेल, अभ्यास पार कोसळला असेल, गुटखा-दारूचा वास येऊ लागला असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. ‘मलाही बाबांकडे जायचंय’ असे मूल म्हणाले किंवा स्वतःला इजा केली तर त्याच दिवशी न्यावे, त्याला एकटे ठेवू नये. तो विषय काढल्याने मुलाच्या डोक्यात नसता विचार शिरतो हा समज चुकीचा आहे. सरळ विचारावे. पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ सेवा मराठीतून, फुकट, रात्रंदिवस मिळते. मुलांसाठी १०९८ आहे.

पैशाची काळजी हे निम्मे दुखणे असते, म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर मी आणखी काही ओळी लिहून देतो. एक पालक गमावलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज अलिबागच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा. निराधार विधवांना तहसील कार्यालयातून संजय गांधी योजनेचे अनुदान मिळते. दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर २०,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य आहे. वाहन अपघातातील भरपाईच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली, ती उलटली असली तरी एकदा वकिलाचा सल्ला घ्यावा. ठोकर मारून वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी मृत्यूबद्दल दोन लाखांची तरतूद आहे.

पत्राच्या मागच्या बाजूला ताईंनी आणखी एक गोष्ट विचारली होती : शाळा सुटल्यावर मुलाला कारखान्यात स्प्रे मारायला पाठवू का, हंगामात पैसे बरे मिळतात. स्प्रेला पाठवू नका. रंगातल्या थिनरची वाफ आणि प्लास्टरची धूळ वाढत्या वयाच्या फुप्फुसांना वाईट, तोंडाला बांधलेल्या रुमालाने वाफ अडत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्याचीही मनाई आहे. सुट्टीच्या दिवशी तासभर तुमच्या शेजारी बसून ब्रशाने शिकू दे, उघड्या वाऱ्याच्या बाजूला बसवून. आणि येत्या सोमवारी पोट दुखले तरी त्याला शाळेत पोचवा. वर्गशिक्षकांना आधी भेटून ठेवा, फारच दुखले तर तासभर बाजूला बसू द्या म्हणावे, पण घरी पाठवू नका. पहिले दोन आठवडे कठीण जातील.